जुना कॅमेरा विकू नका, दुरुस्ती विका



मागच्या महिन्यात वसमतचा एक मुलगा दुकानात आला. हातात तांदळाची पिशवी आणि पिशवीत सात जुने कॅमेरे. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून उक्ते उचललेले. म्हणाला, "सर, इन्स्टावर हे सहा-सात हजाराला जातात. अजून वीस मिळतायत. हळदीचे पैसे आलेत, वडील तीस हजार द्यायला तयार आहेत. घेऊ का?"

मी म्हणालो, नको घेऊ. पोराचा चेहरा पडला. धंदा शिकवणारा माणूस धंदा करू नको म्हणतो म्हटल्यावर पडणारच. पण मी धंदा करू नको म्हटलं नव्हतं. वीस कॅमेरे घेऊ नको म्हटलं होतं. त्या दोन्हीत फरक काय, ते त्याला तासभर सांगितलं. तेच आज इथे लिहितोय.

आधी वस्तू समजून घ्या. त्या पिशवीत चार याशिका इलेक्ट्रो ३५ होते, एक कॅननेट आणि दोन साधे. याशिका आणि कॅननेट हे रेंजफाइंडर. म्हणजे तुम्ही लेन्समधून बघत नाही, वर वेगळी खिडकी असते. खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात वस्तूची दुसरी प्रतिमा. लेन्सची रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. आत हलणारा आरसा नसल्यामुळे आवाज अगदी कमी. ३० जानेवारी १९४८ ला हेन्री कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटला, तो असाच रेंजफाइंडर वापरायचा, जर्मन लायका. लायका आपल्या आवाक्यात नाही. आपल्याकडे जुन्या स्टुडिओच्या कपाटात सापडतो तो जपानी याशिका.

मागणी खोटी नाही, हे पण सांगतो. २०२२ मध्ये लायकाने आपला जुना एम६ पुन्हा बनवायला घेतला, २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला. मोठ्या कंपन्या उगाच साचे बनवत नाहीत. पुण्या-मुंबईची, नांदेडची सुद्धा, विशीतली पोरं रोल घालून फोटो काढतायत. प्रश्न एवढाच आहे की त्यातले पैसे कुणाच्या गल्ल्यात जातात.

माझ्या वहीतले आकडे देतो. तीन याशिका घेतले, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे ४,५००. त्यातला एक दुरुस्त झालाच नाही, सुट्या भागांसाठी ठेवला. हे दर वेळी होतं, धरूनच चाला. उरलेल्या दोघांना फोम, बॅटरी, पॅकिंग आणि कुरिअर मिळून ६०० प्रमाणे १,२००. दोघांत एकेक रोल घालून तपासला, रोल आणि धुलाई-स्कॅन मिळून १,२०० प्रमाणे २,४००. एकूण खर्च ८,१००. दोन्ही ६,००० ला विकले, १२,००० आले. नफा ३,९००. आणि तिन्ही कॅमेऱ्यांवर माझे तास गेले एकवीस. करा भागाकार. ताशी १८६ रुपये. शिवाय साडेचार हजार दोन महिने अडकून पडले ते वेगळंच.

आता दुसरं पान. गिऱ्हाईकाने स्वतःचा कॅमेरा पाठवला. साफसफाई आणि जुळणीचे २,५००, माझा खर्च ३००, सहा तास काम. ताशी ३६७. रोलचा आणि कुरिअरचा खर्च त्याचा, आधी सांगून. कॅमेरा सुटला नाही तर ५०० रुपये तपासणीचे घेऊन परत पाठवायचा. माल त्याचा, पण हातात आलेली विद्या माझी. वीस हजाराचा माल कपाटात ठेवायची गरज काय?

बीबीएला आम्हाला खेळतं भांडवल हा धडा होता. परीक्षेत मार्क चांगले पडले. कळला मात्र कपाटात याशिका धूळ खात बसले तेव्हा.

आणि एक गोष्ट जी व्हिडिओत मी कधी नीट सांगितली नाही. सुरुवातीला मी एक याशिका नांदेडच्या एका मुलाला विकला. बॅटरी घातली, दिवे लागले, शटर वाजलं. जाहिरातीत लिहिलं, "फुल वर्किंग". त्याने तो कॅमेरा घेऊन आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो काढले. रोल धुऊन आला तर निम्म्याहून जास्त फोटोंवर नारिंगी पट्टे. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून डांबरासारखा झाला होता आणि तिथून उजेड आत जात होता. मी लगेच पैसे परत करतो म्हणालो. तो म्हणाला, "दादा, पैशाचं राहू द्या. तुम्ही रोल टाकून बघितला होता का?"

नव्हता बघितला. बाराशे रुपये वाचवले होते. पैसे परत केले, पण पंचाहत्तरी कुठून परत आणणार? तेव्हापासून ज्यात रोल फिरवला नाही त्या कॅमेऱ्याला मी चालू म्हणत नाही.

शटर वाजलं म्हणजे कॅमेरा चालू, हा याशिकाच्या बाबतीत मोठा भ्रम आहे. इलेक्ट्रो ३५ मध्ये बॅटरी नसली तरी शटर वाजतं, पण फक्त १/५०० सेकंदाने. म्हणून आधी बॅटरी. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ मिळते, ती आकाराने लहान, म्हणून अ‍ॅडॉप्टर लागतो. मग रोल ओढायचा खटका फिरवून कान द्या. आतून हलकं "खट्" ऐकू यायला हवं. नाही आलं तर आतलं रबराचं छोटं पॅड झिजून गेलंय समजा. हा या मॉडेलचा ठरलेला रोग. पॅड पैशाचं नाही, तिथपर्यंत पोचणं कौशल्याचं. कॅननेटचं वेगळं. त्याचा जुना सेल १.३५ व्होल्टचा होता, आजचा १.५ चा घातला की मीटर चुकीचं दाखवतं. कानाच्या मशीनचा सेल १.४ चा असतो, बरेच जण तोच घालतात.

हत्यारांवर कंजुषी करू नका. जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूची चौफुली आपल्या बाजारातल्या स्टार पेचकसापेक्षा जरा वेगळी असते. साधा पेचकस लावला की घसरतो आणि स्क्रूचं डोकं जातं. जपानी मापाचा पेचकस मागवा. शटरच्या पात्यांना तेल लावायचं नाही, कितीही मोह झाला तरी. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जुनं ग्रीस पातळ होऊन आधीच पात्यांवर उतरलेलं असतं, ते लायटरच्या पेट्रोलने साफ करायचं. आणि खिडकीच्या आतला अर्धपारदर्शक आरसा फडक्याने पुसू नका. मी पुसला होता. मुलामा फडक्यावर आला, प्रतिमा कायमची गेली. सुट्या भागांचा माझा पहिला कॅमेरा तो.

फोकसची जुळणी तपासायला मात्र काही विकत घ्यावं लागत नाही. गच्चीवर जा, लांबचा मोबाईल टॉवर बघा. रिंग अनंतावर ठेवल्यावर दोन टॉवर दिसले तर जुळणी बिघडली.

गिऱ्हाईकाला पण शिकवावं लागतं. लेन्समधून बघत नसल्यामुळे टोपी काढायची राहिली तरी खिडकीत सगळं छान दिसतं. अख्खा रोल कोरा येतो आणि फोन तुम्हाला येतो. मी आता डब्यात चिठ्ठीच टाकतो.

कुणी सोनेरी "लायका" घेऊन आला तर हुरळू नका. बहुतेक वेळा तो सोव्हिएत झोर्की नाहीतर फेड असतो, नाव खोदून नटवलेला. तो लायका म्हणून विकायचा की झोर्की म्हणून, हे तुम्हाला त्याच दिवशी ठरवावं लागेल. झोर्की म्हणून विकलात तर पैसे कमी येतील, पण नंतर फोन घ्यायला भीती वाटणार नाही.

हिंगोलीत बसून गिऱ्हाईक मिळेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न. गावात दोन-चारच मिळतील, म्हणून यावर दुकान उघडू नका. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालतं, कॅमेऱ्याचं टेबल त्याच्या कोपऱ्यात आहे. काम कुरिअरने येतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याचे जुने जाणकार आहेत, एकदा जाऊन बघून या. पण त्याआधी आपल्याच गावातल्या घड्याळवाल्या काकांकडे महिनाभर बसा. चिमटा कसा धरायचा, उडालेली स्प्रिंग जमिनीवर कशी शोधायची, हे मी एका काकांकडून शिकलो.

वसमतच्या मुलाला मी सातातला सगळ्यात खराब याशिका निवडून दिला. म्हणालो, हा तीन वेळा उघड, तीन वेळा बसव, मग वडिलांकडे पैशाचं बोल. परवा त्याचा फोन आला. दोनदा उघडलाय, एक स्क्रू उरतोय. पुढच्या रविवारी तो दुकानात येतोय. तो स्क्रू कुठला ते शोधू, आणि त्याची हरकत नसेल तर कॅमेऱ्यासमोरच शोधू.