जोडीचे मग

बाजारातून सहा मगांचा संच आणला तर सहाही एकसारखे निघतात, यात नवल नाही. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येणारे बरेच मग प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून घडवतात. साचा एक, म्हणून मगही एक. हाताने दोन सारखे करायचे तर वजनकाटा, पट्टी आणि सब्र यांवरच भागवावे लागते.

या सुट्टीत आम्ही ते करून पाहिले. निमित्त घरचेच. भाचीचा निकाह झाला आणि भाचेजावई महिन्याभरात कुवेतला परतणार. तिचा व्हिसा यायला वेळ आहे. म्हणजे एक मग तिकडे जाणार, एक इथे राहणार. दोन्ही एकाच फळीवर असते तर थोडा फरक चालून गेला असता, शेजारी ठेवले की जोडी वाटतेच. इथे मात्र दोघे फोनच्या पडद्यावर चहा पिणार. दूर असूनही जोडी ओळखू यायला हवी.

चाक दोन दिवसांत हाती येत नाही, म्हणून आम्ही लाटण्याची रीत धरली. भगिनींना ती लगेच जमेल, निम्मे काम पोळीचेच आहे. चांगली मळलेली माती कापडावर ठेवायची, दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या, आणि लाटणे त्या पट्ट्यांवरून फिरवायचे. जाडी आपोआप सारखी येते. मग २७ बाय ११ सेंटीमीटरचा कागद ठेवून कापायचे. कागद मोठा वाटेल, पण वाळून आणि भाजून ही माती साधारण दहा-बारा टक्के आटते. कडांवर सुईने रेघोट्या मारायच्या, पातळ माती लावायची आणि नळी करून खालच्या चकतीवर बसवायची.

जोडीचे गमक इथून पुढे आहे. एक मग पुरा करून दुसऱ्याला हात घालू नये. दोन्ही लाटायचे, मग दोन्ही कापायचे, मग दोन्ही जोडायचे. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात वेगळा पडतो, हे फळ्यावर लिहिणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. कानासाठी मातीचे गोळे काट्यावर चाळीस-चाळीस ग्रॅम तोलून घेतले. मग चामड्यासारखा घट्ट झाला की कान चिकटवायचा, आणि दोन बोटे आत जातात का ते दोन्हीकडे तपासायचे. कान अंगापेक्षा लवकर वाळतो आणि सांध्याशी चिरतो, म्हणून त्याला प्लास्टिक गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवावे.

भाजणे घरी होत नाही. गावच्या कुंभाराच्या आव्याची धग या मातीला पुरत नाही, तिला १२०० अंशांच्या पुढची भट्टी लागते. त्याआधी हजाराच्या आसपास एक कच्ची भाजणी होते आणि मगच ग्लेझ चढते. आम्ही शहरातल्या भट्टीवाल्या बाईंकडे दिले. ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांचे, बिनशिशाचे आहे ना, हे आधी विचारले. तुम्हीही विचारा, संकोच नको. दोन्ही मग एकाच बादलीत, तीन मोजेपर्यंत बुडवले, बूड पुसून काढले, आणि भट्टीत एकाच फळीवर शेजारी ठेवायला सांगितले, कारण धगीच्या फरकाने निळा रंगही बदलतो.

एक सल्ला त्याच बाईंचा: दोन हवे असतील तर चार करा. आम्ही चार केले होते. त्यातले जुळणारे दोन निवडताना घरात बरीच हुज्जत झाली, अखेर अम्मींनी डोळे मिटून कान चाचपले आणि निकाल दिला. उरलेल्यांपैकी एकात आता आमची लाल पेने असतात, दुसरा शेजारच्या आपांनी मागून नेला.

कुवेतचा मग सामानात नाही, हातातल्या बॅगेत जाईल. आत मोजे कोंबले आहेत, वरून टॉवेल गुंडाळला आहे.