घर गहाण ठेवून किती दिवस पदकं आणायची?

गेल्या आठवड्यात दुपारी एक गृहस्थ ऑफिसात आले. एसटीत वाहक आहेत, तोंडओळख जुनी. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "साहेब, तुमची पुण्या-मुंबईकडं ओळख असतीय. एखादी चांगली ॲक्शन स्वस्तात मिळंल काय, बघा की."

मला वाटलं कुणावर तरी ॲक्शन घ्यायची आहे, म्हणून तक्रार घेऊन आलेत. पत्रकाराच्या दारात माणूस दुसऱ्या कशाला येतो? मी वही पुढं ओढली. तर म्हणाले, "तसली न्हवं हो. रायफलची ॲक्शन. पोरगीसाठी."

पोरगी अकरावीत. आधी दहा मीटरवर एअर रायफल मारायची, आता पन्नास मीटरला, पॉइंट टू टूवर आली आहे. क्लबची रायफल चार पोरांत एक. प्रत्येकाची उंची वेगळी, हाताची लांबी वेगळी, त्यामुळं पाळी आली की दस्त्याचे स्क्रू सोडायचे, आपल्या मापाला लावायचे, अर्धा तास त्यातच जायचा. शिवाय रायफल जुनी. बोल्ट सैल झालाय, कधीकधी पिन नीट पडत नाही आणि काडतूस तसंच बाहेर येतं. वडिलांनी मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. तिकडं लोक स्वस्तातली ॲक्शन शोधतात, मग सवडीनं नळी घेतात, मग दस्ता, आणि रायफल उभी करतात. यांनी मनात हिशोब घातला. "घर बांधतो तसं साहेब. आधी जोतं, मग भिंती, पैसे आले की स्लॅब."

हिशोब चुकीचा नव्हता, देश चुकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲक्शन म्हणजे रायफलचं काळीज. नळीच्या मागची पोलादी पेटी आणि तिच्यात पुढं-मागं सरकणारा बोल्ट. गोळी आत ढकलायची, दार घट्ट लावायचं, चाप ओढला की पिन पडते. चाप ओढल्यापासून पिन पडेपर्यंत जो क्षणाचा तुकडा जातो, तेवढ्यात रायफल हलली की गुण गेले. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. करंगळीच्या नखाएवढं म्हणा. तिथं सैल बोल्ट घेऊन पोरगीला उभं करायचं आणि गुण कमी पडले की "सराव कमी पडतोय" म्हणायचं, हा अन्याय आहे.

अमेरिकेत बंदूक म्हणून कायदा धरतो ती मुख्यतः ही पेटीच. नंबर तिच्यावर असतो. नवी घ्यायची तर परवानाधारक दुकानातून, चौकशी होऊन. बाकीचे भाग बहुतेक ठिकाणी सायकलच्या भागांसारखे मिळतात. त्यामुळं तिथला कमी पैशाचा माणूस रेमिंग्टन ७०० सारखी, १९६२ पासून निघत असलेली, एखादी वापरलेली रायफल उचलतो, झिजलेली नळी काढून टाकतो आणि तेवढी ॲक्शन ठेवतो.

आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यात हत्याराचे भागसुद्धा हत्यारातच मोजले जातात. परवान्याशिवाय ॲक्शन जवळ ठेवणं गुन्हा, आणि परवान्याशिवाय घरी बसून रायफल जुळवणं हाही गुन्हा. हे मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलं. आणि इथंही स्पष्ट लिहितो, हा कायदा सैल करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. गावठी कट्ट्यांच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. घरोघरी हत्यारं जुळवायला लागली तर काय होईल हे मला कुणी शिकवायला नको.

पण त्या बापाच्या हिशोबातली एक गोष्ट सोळा आणे खरी आहे, आणि ती आपल्या क्रीडा खात्यानं शिकण्यासारखी आहे. रायफलमध्ये झिजते ती नळी. माप बदलतं ते दस्त्याचं. ॲक्शन नीट सांभाळली तर खेळाडूंच्या दोन पिढ्या बघते. जर्मनीतल्या उल्म गावच्या अँशुट्झ कंपनीची 'मॅच ५४' ही ॲक्शन १९५० च्या दशकातली. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दिसणाऱ्या त्यांच्या रायफली त्याच घराण्यातल्या. युरोपात तिशी-चाळिशी उलटलेली ॲक्शन नवी नळी आणि ॲल्युमिनियमचा दस्ता लावून पुन्हा रेंजवर उतरवणारे नेमबाज आहेत. म्हणजे एकदा चांगली वस्तू घेतली की पुढचा खर्च दुरुस्तीचा. हे एका घराला झेपत नाही, पण जिल्ह्याला सहज झेपतं.

आता थोडी आकडेमोड. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं. अंतिम फेरीत ४५१.४ गुण. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. राज्य सरकारनं लगेच एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. पोरानं कमावलं होतं, त्याला द्यायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण तेवढाच एक कोटी पदकाच्या आधीही कधी काढून बघा की. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल सगळ्या साहित्यासह चार लाखांना धरली, तरी एका कोटीत पंचवीस येतात. पंचवीस रायफलींवर एका वेळी पंचवीस आणि पाळ्या लावल्या तर शंभर पोरं घडतात.

स्वप्नीलच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढलं होतं, हे पदकानंतर सगळ्या पेपरांनी छापलं. मीही कौतुकानं लिहिलं. आज वाटतं, कौतुकाबरोबर लाजही लिहायला हवी होती. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट आपण शाळेत छाती फुगवून सांगतो. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळायला ७२ वर्षं लागली. आणि ७२ वर्षांनीही गोष्ट तीच, कुणाच्या तरी घरावरचं कर्ज. मधल्या काळात आपण केलं काय?

काही केलंच नाही असं म्हणणार नाही. स्वप्नील राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढं आला. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सोनं आणलं, दोघी कोल्हापूरच्या. बालेवाडीला उत्तम रेंज आहे. पण बालेवाडीपर्यंत पोचायच्या आधीची जी चार-पाच वर्षं असतात, ती तालुक्यात काढावी लागतात. आणि तालुक्यात काय आहे? जिल्हा नियोजनच्या पैशातून व्यायामाचं साहित्य येतं, ओपन जिम येतात. आमच्या गावातल्या ओपन जिमवर सध्या कपडे वाळत घालतात. फोटो पाठवू का?

मग काय करायचं? माझं म्हणणं साधं आहे. तालमीत पोरगं जातं तेव्हा घरून माती घेऊन जात नाही. हौदातली माती तालमीची, पोरानं फक्त अंग आणि जिद्द आणायची. म्हणून तर गवंड्याचं, हमालाचं पोरगंही पैलवान होऊ शकलं. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, त्यामागं हाच विचार दिसतो. नेमबाजीतली रायफल ही तालमीतल्या मातीसारखी सार्वजनिक करा. दोन-तीन तालुक्यांत मिळून एक परवानाधारक क्लब. त्याच्या कुलूपबंद शस्त्रागारात पाच-सहा चांगल्या ॲक्शनच्या रायफली, प्रत्येक पोराच्या मापाला पटकन लागतील असे दस्ते, नळी बदलायला आणि दुरुस्तीला परवानाधारक कारागीर. रायफल घरी न्यायची नाही, नोंद करून घ्यायची, नोंद करून ठेवायची. लहान वयाच्या मुलांनी देखरेखीखाली शिकायची सोय कायद्यात आहेच. निवृत्त नेमबाजांच्या कपाटात ज्या रायफली पडून आहेत, त्यासुद्धा प्रशासनाला आधी कळवून, रीतसर हस्तांतर करून अशा क्लबांकडं आणता येतील.

कुणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ, त्यावर सरकारनं कशाला पैसे घालायचे? अहो, सरकार पैसे घालत नाही म्हणूनच तो श्रीमंतांचा राहिलाय. कांबळवाडी काय श्रीमंतांची वसाहत आहे?

दुसरा कुणी म्हणेल, हत्यारं वाढतील, धोका वाढेल. मला उलटं वाटतं. गरजू बाप मोबाइलवर स्वस्त भाग शोधत बसला तर एखाद्या दिवशी कुणीतरी भामटा त्याला गाठणार. पैसे जातील, वर गुन्हाही अंगावर येईल. रायफल क्लबच्या कुलपात असेल तर तो रस्ताच बंद होतो.

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं, "भाऊ, कुठूनही काही मागवू नका. आधी क्लबच्या प्रशिक्षकांना भेटू, आहे तीच रायफल परवानाधारक कारागिराकडं दुरुस्तीला पाठवता येते का बघू." चहा घेतला, उठले. दारात थांबून म्हणाले, "पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा आहे. तोवर हुईल काय?"

मी होईल म्हणालो. खरं सांगायचं तर माहीत नाही.

जिल्हा नियोजनच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या आमदारांना, पालकमंत्र्यांना एवढं एकच विचारा, आपल्या जिल्ह्यात सरकारी पैशातून घेतलेल्या, चालू स्थितीतल्या स्पर्धेच्या रायफली किती? मीही लेखी विचारतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो.