बिल्ला छातीवर, मत मात्र दुसरीकडे



आज १२ डिसेंबर. उन्हाळ कांद्याच्या लागणीचा तिसरा दिवस. दीड एकर झालं, एक एकर राहिलंय. रोप यंदा बरं आहे, वाफ्यात मर थोडी दिसली पण लावायला पुरेल. बाया यायच्या आधी वाफे भिजवून बांधावर बसलो, मोबाईल उघडला, तर निम्म्या गावाच्या स्टेटसला शरद जोशी साहेबांचा फोटो. आज त्यांची पुण्यतिथी. २०१५ साली याच तारखेला साहेब गेले.

मीही फोटो ठेवणार होतो. पण हात थांबला. खोटं वाटलं. त्याचं कारण आज लिहितो, कुणाला झोंबलं तर झोंबू द्या. सगळ्यात आधी ते माझ्याच घराला झोंबणार आहे.

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर होते. नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे बंद पडले होते, खेरवाडीला गोळीबार झाला, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. नानाही आठ दिवस आत होते. १९८६ ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला आई गेली, घरची भाकरी बांधून, मला कडेवर घेऊन. पुढे लक्ष्मीमुक्तीत नानांनी दोन एकर आईच्या नावावर केलं. तो उतारा आजही आईच्या पेटीत आहे. लाल बिल्ला देवघराशेजारच्या खुंटीला आहे.

आणि १९९४ ला साहेबांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्यानंतर जेवढ्या निवडणुका आल्या त्यांत नानांनी एकदाही त्या पक्षाला मत दिलं नाही. मी एकदा विचारलं, "नाना, तुरुंगात गेलात, मग मत का नाही?" नाना म्हणाले, "अरे, ते कुठं निवडून येणार? मत वाया जायचं."

लाठी खाल्ली ती वाया गेली नाही, आठ दिवस जेवण सोडलं तेही वाया गेलं नाही. फक्त मत तेवढं वाया जाणार होतं!

आता तो पक्ष मागत काय होता ते बघा. अनुदान मागत नव्हता, कर्जमाफीची यादीही घेऊन आला नव्हता. त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: सरकारने शेतकऱ्याच्या छातीवरून उठावं. निर्यातीवरची बंधनं काढा, आवश्यक वस्तू कायदा काढा, जमिनीवरची बंधनं काढा, बियाणं आणि तंत्रज्ञान निवडायची मोकळीक द्या. मग भीक नको आणि माफीही नको. साऱ्या देशात सगळे पक्ष "देतो, देतो" म्हणत असताना हा एकटा म्हणत होता, "घेणं थांबवा."

हे पुस्तकी वाटत असेल तर माझा २०२३ चा डिसेंबर ऐका. लाल कांदा काढून वाळवलेला, गोल्टी वेगळी केलेली, ट्रॉली भरून ठेवलेली. आदल्या दिवशी शेजाऱ्याचा माल साडेतीन हजारांच्या वर गेला. रात्री बातमी आली, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी. जिल्ह्यात लिलाव बंद पडले. उघडल्यावर माझी ट्रॉली गेली सतराशेने. कांदा तोच, वजन तेच. ना गारपीट, ना करपा. एका कागदाने निम्मं पीक नेलं. त्याचा पंचनामा करायला कुणी आलं नाही, कारण पंचनामा करणारा आणि नुकसान करणारा एकच.

जोशी साहेब याला "उणे सबसिडी" म्हणायचे. तेव्हा लोक हसायचे. २०१८ ला ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी मिळून भारताच्या शेतीधोरणाचा अभ्यास मांडला. २००० ते २०१६ या काळात धोरणांमुळे शेतकऱ्याचं ढोबळ उत्पन्न वर्षाला सरासरी १४ टक्के कमी झालं, असा त्याचा हिशेब आहे. खत, वीज, पाणी यांवरची सगळी सूट धरूनही. म्हणजे एका खिशात शंभर घातले, दुसऱ्यातून त्याहून जास्त काढले, आणि शंभराचा फोटो पेपरात छापला.

आता "वाया" या शब्दाकडे येतो. ज्यांना आपण "वाया न जाणारी" मतं दिली त्यांनी काय केलं? डिसेंबर २०१० ला निर्यातबंदी, दिल्लीत एक आघाडी. सप्टेंबर २०१९ ला बंदी, दुसरी आघाडी. सप्टेंबर २०२० ला पुन्हा, २०२३ ला पुन्हा. खुर्चीवरचा माणूस बदलला, कांद्यावरचा हात बदलला नाही. आपण निवडून येणाऱ्यालाच मत दिलं, तो निवडून आलाही. मग जिंकलं कोण?

कुणी म्हणेल, २०२४ च्या लोकसभेला आपण दणका दिला की! दिला, खरं आहे. कांदा पट्ट्यात भल्याभल्यांना घरी बसवलं. आपल्याकडचं मतदान तोंडावर असताना ४ मे ला बंदी उठली. रागाच्या मताला किंमत असते हे मी नाकारत नाही. पण उठली ती कशी? किमान निर्यातमूल्य टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. आणि बंदी घालायचा अधिकार? तो जसाच्या तसा आहे. उद्या भाव चढला की परत कागद निघेल. रागाने झाकण थोडं किलकिलं होतं, पण झाकणावरचा हात काढायचा तर ते मागणाऱ्यालाच मत द्यावं लागतं.

असा माणूस उभा राहतो तेव्हा काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २००९ ला चंद्रपूर लोकसभेला वामनराव चटप स्वतंत्र भारत पक्षाकडून उभे होते. तेव्हा राजुऱ्याचे आमदार, मोठ्या पक्षाचा आधार नाही. तरी दीड लाखाच्या वर मतं घेतली, तिसरे आले. दीड लाख लोकांनी "वाया जाईल" हे ऐकूनही बटण दाबलं. २०१४ ला तेच आम आदमी पक्षाकडून उभे राहिले, मतं दोन लाखांच्या पुढे गेली, क्रमांक तिसराच. पैशाशिवाय आणि जातीच्या गणिताशिवाय हे होतं. मग नाशिक, नगर, जळगाव, लातूर, अकोल्यात प्रत्येकी दीड लाख पडली असती तर? निवडून कुणी आलं नसतं कदाचित. पण पाडायची ताकद असलेल्या दीड लाख मतांकडे कुठलाच पक्ष दुर्लक्ष करत नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवून लिहिलं तर मी शेतकरी नाही, प्रचारक.

पहिला आक्षेप: बाजार मोकळा केला तर व्यापारी लहान शेतकऱ्याला खाईल. यात तथ्य आहे. ज्याच्याकडे चाळ नाही, ज्याचं कर्ज काढणीलाच वसूल होतं, त्याला बाजार मोकळा असून उपयोग काय? तो पडेल त्या भावात देतो. हे उत्तर पक्षाने गावात बसून कधी नीट दिलं नाही. माझं उत्तर असं: व्यापाऱ्याकडून मी फसलो तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. सरकारने निर्यात बंद केली तर सगळेच व्यापारी एकाच दिवशी भाव पाडतात, मी जायचं कुठं? चाळ आणि तारण कर्ज हवंच. पण २०२१ ला सात शेतमालांचे वायदे बंद केले, साठ्यावर कधीही मर्यादा, अशा वेळी मोठा खरेदीदार माल भरून ठेवेल कशाला?

दुसरा आक्षेप पक्षावर, आणि तो माझाच. आधी संघटना राजकारणात पडणार नाही म्हणाली, मग पडली. कधी याच्याशी युती, कधी त्याच्याशी. साहेब २००४ ला राज्यसभेवर गेले ते युतीच्या पाठिंब्यावर. संघटनेच्या चिरफळ्या झाल्या. मेळाव्याला लाखो, आणि मतदानाच्या दिवशी बूथवर बसायला माणूस नाही. उमेदवार महिनाभर आधी कळायचा. पीक पेरायच्या दिवशी जमीन नांगरायला घेतली तर उगवणार काय? नानांचा दोष आहेच, पण सगळा नानांचा नाही.

कायद्यानेही वाट अडवली आहे. १९८९ पासून पक्ष नोंदवायचा तर समाजवादाशी निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं. ज्या पक्षाचा जन्मच त्या धोरणाच्या विरोधात, त्याने पहिल्या कागदावर खोटं लिहून दुकान उघडायचं! हा शब्द काढावा म्हणून साहेबांनी राज्यसभेत प्रयत्न केला, पण एकट्याचं कोण ऐकतो. एकटं पडायची त्यांना भीती नव्हती म्हणा. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षण विधेयकावर १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं, तो एक म्हणजे शरद जोशी. चांदवडला लाखो बायका जमवणारा आणि जमीन बायकोच्या नावावर करायला लावणारा माणूस. मतदारसंघ फिरते ठेवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. त्या मतावर माझी आई आजही नाराज आहे. पण ती म्हणते, "चुकला असेल, पण विकला नाही गेला."

शास्त्रज्ञ आणि कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हीही यातून सुटत नाही. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० पासून अडकलेलं आहे. जून २०१९ ला अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, गुन्हे अंगावर घेतले. तुमच्यातले किती जण खासगीत "बरोबर आहे" म्हणाले आणि जाहीर गप्प बसले? तेही मत वाया जाईल म्हणूनच ना?

म्हणून माझं ठरलंय. पुढच्या लोकसभेला दारात येईल त्याला तीन प्रश्न: निर्यातबंदीचा अधिकार काढायला मत देणार का? आवश्यक वस्तू कायद्यातून शेतमाल बाहेर काढणार का? बियाण्याची निवड शेतकऱ्यावर सोडणार का? हो म्हणणारा हरणारा असला तरी माझं मत त्यालाच. गेल्या दहा हंगामांत माझे चारच कांदे पैसे देऊन गेले. तरी अकरावं रोप मी टाकलंच ना? मग मताच्या वेळीच एवढा हिशेबी कसा होतो मी?

नानांना हे वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग खुंटीवरचा बिल्ला काढून धोतराने पुसला आणि म्हणाले, "फोटो नको ठेवूस. मत दे."

बाया आल्या. एक एकर आज उरकायचंय.