सप्रेम भेट बंद!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आणि भांडण परक्यांशी नाही, आपल्याच माणसांशी आहे, त्यामुळे जपून लिहितोय. तरी कुणाला लागलंच तर लागू द्या.

जालन्यातल्या जुन्या विहिरी, बारवा आणि निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव यावर मी पुस्तक काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात गावाचा घसा कोरडा पडला, तेव्हा लोकांनी घाणेवाडीचा गाळ उपसायला घेतला. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांशी बोलून मी ज्या वह्या भरल्या, त्यांतून हे पुस्तक झालं. १६० पानं, म्हणजे १६ पानी दहा फर्मे. मोठ्या शहरातल्या दोन प्रकाशकांना बाड पाठवलं. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने सभ्यपणे कळवलं की विषय फार स्थानिक आहे.

खरं सांगू? तो बरोबर बोलला. कोल्हापूरच्या माणसाने जालन्याच्या विहिरींवर पुस्तक का घ्यावं? पण म्हणून ते छापूच नये का? ज्या पुस्तकाचा वाचक एकाच जिल्ह्यात आहे, ते लेखकानेच छापावं आणि त्याच जिल्ह्यात विकावं. यात कमीपणा कसला? इथला मोसंबीवाला स्वतःची मोसंबी स्वतः मोंढ्यावर नेतो, त्याला कुणी 'हौशी शेतकरी' म्हणत नाही. लेखकाने स्वतःचं पुस्तक काढलं की मात्र लगेच 'हौस आहे हो, पदरचे पैसे घातले' असं हळू आवाजात सुरू होतं.

ज्यांना हे हलकं वाटतं त्यांनी जोतीराव फुल्यांकडे बघावं. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, कमिटीने ते नाकारलं. पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातला काही भाग 'दीनबंधु'त छापून आला, पुढचा छापायचं धाडस झालं नाही. मग जोतीराव काय दार लावून बसले? त्यांनी गावोगाव स्वतः वाचून दाखवला, पार बडोद्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेला. आपण ज्याला आज 'मार्केटिंग' म्हणून नाक मुरडतो, ते हेच. वाचक जिथे आहे तिथे लेखकाने चालत जायचं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा स्वतःचीच आरती ओवाळतोय. स्वखर्चाने निघणारी पुष्कळ पुस्तकं वाईट असतात. शुद्धलेखनाच्या चुका, उचललेला मजकूर, घाईत केलेलं मुखपृष्ठ. पण त्याचं कारण लेखकाने पैसे घातले हे नाही. कारण हे, की त्याने ते भलत्या ठिकाणी घातले. मला एकाने 'पॅकेज' सांगितलं होतं. ५०० प्रतींचे ६५,००० रुपये, त्यात आयएसबीएनचे वेगळे ५,०००! मी चौकशी केली. आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, लेखकालाही मिळतो. म्हणजे फुकटची वस्तू मला पाच हजाराला. 'कॉपीराइट करून देतो' म्हणाला, त्याचेही पैसे. अहो, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी हक्क लेखकाचा असतो, नोंदणी सक्तीची नाही.

हा धंदा एवढा का फोफावला? २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण मिळू लागले. झालं! पुस्तक वाचलं जावं म्हणून नाही, फायलीला जोडता यावं म्हणून निघू लागलं. अशा पुस्तकांनी आपल्यासारख्यांचं नाव खराब केलं, याचा मला राग आहे.

मी पॅकेज घेतलं नाही. छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितं तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींचं मानधन धरून ३८,००० रुपयांत काम झालं. एक प्रत ७६ रुपयांना पडली, किंमत ठेवली १५०. मग मी पहिली चूक केली, ती म्हणजे प्रकाशन समारंभ. हॉल, हार, शाल-श्रीफळ, चहा-फराळ. तो खर्च मी हिशोबात धरतच नाही, धरला तर रडू येईल. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, त्यात पुस्तकाचं नाव दोनदा आलं आणि दोन्ही वेळा चुकलं :)

दुसरी चूक म्हणजे सप्रेम भेट.

आता हिशोबच मांडतो. ५०० प्रती. चार प्रती कायद्याने गेल्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. ती मी आनंदाने पाठवली, आपल्या विहिरी कोलकात्याला पोचल्या म्हणून छाती फुगली. हाताने विकल्या १९०, त्याचे २८,५०० आले. दुकानातून गेल्या ६०. दुकानदार ४० टक्के घेतो, म्हणून प्रतीला ९० प्रमाणे ५,४०० मिळाले. एकूण ३३,९००. तोटा ४,१०० रुपये. घरी शिल्लक १३४ प्रती, दिवाणाखाली.

आणि सप्रेम भेट गेल्या ११२.

त्या ११२ पैकी फक्त २८ जणांनी १५० रुपये दिले असते, तर तोटा उरला नसता. अठ्ठावीस! मोठ्या आत्याच्या घरी परवाच्या बारशाला याच्या तिप्पट माणसं होती. आणि त्यातले कितीतरी जण मला म्हणाले, "दादा, आमची प्रत कुठंय?" बारशाच्या आहेराला पाचशेचं पाकीट देणारा माणूस पुस्तकाला दीडशे देताना मात्र नात्याची आठवण करून देतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय ४,१०० चं? काका, प्रश्न त्या रकमेचा नाही. पहिल्याचे पैसे परत आले तर दुसरं पुस्तक निघतं. माझ्याकडे अंबड आणि घनसावंगीकडच्या बारवांच्या दोन वह्या भरून पडल्या आहेत. ज्यांनी मला ती माहिती दिली त्यांतले तिघे आता नाहीत. त्यांचं बोलणं वहीतच संपणार की छापलं जाणार, हे त्या अठ्ठावीस जणांवर आहे. आणखी एक. फुकट दिलेलं पुस्तक वाचलं जात नाही. ११२ पैकी वाचून काही बोलले ते सात. विकत घेणाऱ्यांनी मात्र फोन करून माझ्या चुका काढल्या. एकाने तर कुंडलिका नदीकाठची एक विहीर मी चुकीच्या गल्लीत टाकल्याचं सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं.

राजूरला गणपतीच्या अंगारकीला जाऊन बघा. आरतीसंग्रह, स्तोत्रं, हरिपाठ विकणारा खाली पोतं अंथरून बसलेला असतो. त्याला ना समारंभ लागतो ना शाल. त्याच्याकडे कुणी भेट प्रत मागत नाही. पुस्तक विकायची कला आपल्याकडे आहेच, आपण लेखकच तिला लाजतो. ब्लॉग लिहिणाऱ्या मित्रांनो, पुस्तक काढणार असाल तर समारंभाचे पैसे मुद्रितं तपासायला द्या, आणि पिशवीत दहा प्रती घेऊन हिंडायची लाज सोडा.

असो. पुढच्या पुस्तकापासून सप्रेम भेट बंद. आई सोडून सर्वांना. तिनेही परवा पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत, तेवढा एक अपवाद राहू द्या. बाकीच्यांनी दिवाणाखालच्या १३४ कडे लक्ष द्यावं. किंमत १५० रुपये. घरी याल तेव्हा चहा माझ्याकडून, तो अगदी सप्रेम.