दुसऱ्या वर्षीचा करंडक

गेल्या वर्षी आमच्या मुली कबड्डीत जिल्ह्यात पहिल्या आल्या. यंदा नाशिकच्या मैदानावर सराव सुरू झाल्यापासून पालकांचा एकच प्रश्न, "सर, यंदाही पहिला नंबर ना?" मुली ऐकतात हो हे सगळं!

मला अशा वेळी विदर्भाचा रणजी संघ आठवतो. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि विदर्भाने पहिल्यांदाच करंडक जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. प्रशिक्षक तेच चंद्रकांत पंडित, कर्णधार तोच फैज फझल. पण त्या फायनलमध्ये ११ बळी घेतले ते आदित्य सरवटेने. पुजारा दोन्ही डावांत त्यालाच सापडला. आणि हंगामात हजारावर धावा कुणाच्या, तर चाळिशीतल्या वसीम जाफरच्या!

मला तरी हा दुसरा करंडक जास्त मोलाचा वाटतो. तो वेगळ्या हातांनी जिंकला.

आमच्याकडे मात्र सगळी मदार गेल्या वर्षीच्या एकाच चढाईपटूवर. राखीव तिघींना मी अजून पूर्ण सामना खेळवलेला नाही, चूक माझीच. शनिवारी त्या तिघींपासूनच सुरुवात करतोय. पालकांनी तोवर नंबर विचारू नये, एवढंच.