माशांचें पान

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या नातवाच्या वाढदिवसास त्याच्या मामांनीं एक काचपेटी पाठविली. तींत दोन सोनेरी मासे होते. यांस गोल्डफिश म्हणतात. सोबत कोरड्या दाण्यांचा एक डबा. आमच्या घरांत माणसें अकरा. सकाळीं नातवानें दाणे घालावे, दुपारीं सूनबाईंनीं, आणि तिन्हीसांजेला ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणून आमच्या मातोश्रींनीं. चौथ्या महिन्यांत एक मासा फुगून आडवा तरंगूं लागला, आणि नातवानें जेवण टाकलें.

तेव्हां या विषयाचा थोडा अभ्यास करणें मला भाग पडलें. या माशाला जठर नसतेंच; गिळलेलें अन्न सरळ आंतड्यांत उतरतें. शिवाय समोर येईल तें तो खात राहतो. पुरे म्हणणें त्याच्या स्वभावांत नाहीं. दिवसांतून दोन वेळां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच त्याला घालावें. डब्याचेंही एक आहे. तो एकदां उघडला कीं हवा व उष्णता लागून दाण्यांतील क जीवनसत्त्व घटत जातें. वर्षभर पुरणारा मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण ती काटकसर माशाच्या जिवावरची होय.

आम्हीं त्या आजारी माशाला दोन दिवस लंघन घडविलें. तिसऱ्या दिवशीं उकडलेल्या मटाराचा अर्धा दाणा, साल काढून व कुसकरून, त्याला दिला. पांचव्या दिवशीं तो सरळ पोहूं लागला. गुण लंघनाचा कीं मटाराचा, हें मी छातीठोकपणें सांगणार नाहीं. तेव्हांपासून मात्र आठवड्यांतून दोनदां मटार, एखादें दिवशीं उकळत्या पाण्यांतून काढलेलें पालकाचें पान किंवा काकडीची पातळ चकती, असा क्रम ठेविला आहे. मीठ, तेल, फोडणी यांचा स्पर्शही नको. तासाभरांत न खाल्लेलें काढून टाकावें; तें कुजलें म्हणजे पाण्यांत अमोनिया वाढतो, व तो माशांस विषासारखा बाधतो.

येथवर घरांत मतभेद नव्हता. परंतु हा मासा शुद्ध शाकाहारी नव्हे; तळ्यांत तो किडे व अळ्याही खातो. परसांतील टांक्यांत डांसांच्या अळ्या दिसल्या, तेव्हां मीं त्या गाळून माशांस घालण्याचा विचार बोलून दाखविला. मातोश्री म्हणाल्या, “अरे, घरांत जीवहत्या नको.” मीं म्हटलें, “आई, डेंग्यूच्या भीतीनें हें पाणी आपण तापलेल्या फरशीवर ओततोंच कीं.” त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “ओतायच्याच असतील तर त्यांच्या तोंडीं लागूं देत. पण माझ्यादेखत नको.” मला हा निवाडा मान्य झाला. माशाला त्याच्या धर्माप्रमाणें जेवूं घालावें, आपल्या नव्हे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लासां’त मत्स्यविनोदाचें प्रकरण लिहितांना माशांच्या जातीप्रमाणें खाद्याचा भेद केलेला आहे. त्याचा हेतु गळ टाकण्याचा होता, हें सोडून द्या.

अळ्या घालावयाच्या तर एका दमांत संपतील तेवढ्याच. उरल्या तर त्यांचे घरांतच डांस होतात. गटाराचें पाणी कदापि आणूं नये. ज्या घरीं हें मुळींच खपणार नाहीं, तेथें लढाऊ मासा, ज्याला बेट्टा म्हणतात, पाळूं नये. तो मांसाहारी आहे. मटारावर त्याचा निभाव लागत नाहीं. तेथें सोनेरी मासेच बरे; चांगले दाणे व भाज्या यांवर त्यांचें ठीक चालतें.

काचपेटीजवळ आतां एक पाटी टांगली आहे. ज्यानें अन्न घातलें त्यानें तीवर रेघ ओढावी, असा नियम केला. काल संध्याकाळीं तीवर तीन रेघा होत्या. तिसरी कोणाची, हें मातोश्री सांगत नाहींत.