कोठीच्या खोलीसाठी सामासिक अंतरात सवलत मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
रत्नागिरी नगरपरिषद, रत्नागिरी.

विषय : राहत्या घरामागे १.८ × २.४ मीटर मापाची कोठीची खोली बांधण्यासाठी मागील सामासिक अंतरात ०.६ मीटर सवलत मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही पती-पत्नी आपल्या हद्दीतील स्वमालकीच्या तळमजली घरात राहतो. घरामागे २.७ मीटर मोकळी जागा असून मंजूर नकाशाप्रमाणे त्यातील १.५ मीटर सुटली पाहिजे. नियोजित खोलीनंतर ०.९ मीटर उरते. म्हणजे ०.६ मीटर कमी पडते, तेही २.४ मीटर लांबीपुरतेच.

खोली १.२ मीटर रुंद केली तर सवलत लागणारच नाही, हे आम्हीही मोजून पाहिले. तेवढ्यात हापूसच्या पेट्या मावतात, पण त्या काढायला माणूस आत उभा राहत नाही. गावाकडे आमची पंधरा कलमे आहेत. हंगाम उतरला की रिकाम्या पेट्या, पेंढा, शिडी, झेले असे सगळे पडवीत येऊन पडते आणि तिथेच आईंची खाट आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या शहरात ताडपत्रीखाली लाकूड किती टिकते, हे आपणास सांगायला नको.

घराच्या पूर्वेस विहीर आणि पश्चिमेस शौचालयाची टाकी असल्याने खोली तिकडे घेता येत नाही. समोरच्या अंगणाचा विचार केला नाही, कारण रस्त्याकडील अंतरात सवलत मिळत नाही.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, खरी अडचण दिसत असेल तर कारणे लेखी नोंदवून मापांत सवलत देण्याचा अधिकार आपणास आहे. मात्र आरोग्य, अग्निसुरक्षा आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. चटईक्षेत्र आमचे शिल्लक आहे, त्यात आम्ही काहीच मागत नाही. पेंढ्यामुळे आगीची शंका येईल, म्हणून खोलीत वीजजोडणी घेणार नाही. छपराचा उतार आमच्याच अंगणाकडे ठेवून पन्हळ लावू, म्हणजे पागोळ्या शेजाऱ्यांच्या गडग्यावर पडणार नाहीत. त्यांच्या घराला त्या बाजूस खिडकी नाही आणि त्यांनी लेखी संमती दिली आहे.

आधी बांधा, मग दंड भरून नियमित करून घ्या, असा सल्ला आम्हाला एकाहून अधिक जाणत्यांनी दिला. तो आम्हाला रुचला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मधील ६० दिवसांच्या मानीव परवानगीचा आधारही आम्ही घेणार नाही. ती नियमात पूर्ण बसणाऱ्या कामासाठी आहे आणि आमचे काम ०.६ मीटरने बसत नाही.

तरी पावसाळ्यापूर्वी नगररचना विभागामार्फत जागेची पाहणी व्हावी, ही आमची पहिली मागणी. पाहणीस शेजाऱ्यांनाही बोलवावे. सवलत देणे योग्य वाटल्यास त्यासाठीचे अधिमूल्य व अटी एकदाच लेखी कळवाव्यात. नाकारायची झाल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा. याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली अपिलास ४० दिवसच मिळतात आणि तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

आपले विश्वासू,
अर्जदार पती-पत्नी

सोबत : मंजूर नकाशाची प्रत, प्रस्तावित नकाशा, मिळकत पत्रिका, चालू वर्षाची घरपट्टी पावती, शेजाऱ्यांचे संमतिपत्र.